डॉक्टर, आमच्या मांजरीचे ऑपरेशन कितीला?

प्रति,
शहरांत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने चालवणाऱ्या सर्व पशुवैद्यकांस,



तुम्ही लुटता, असे म्हणण्यासाठी हे पत्र नाही. तसे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेचसे तुमच्याच काउंटरवर उभे राहून म्हणतात. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मांजरीच्या नसबंदीच्या ऑपरेशनपुरतीच आहे. लशींबद्दल, एक्स-रेबद्दल, रात्री दीड वाजता तुम्ही उचलता त्या फोनबद्दल मला काही म्हणायचे नाही. फोनबद्दल तर आभारच मानायचे आहेत.

पुण्यात मांजरीच्या ऑपरेशनला किती पैसे लागतात, हे एकदा सामान्य माणूस होऊन फोनवर विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी पहिले उत्तर एकच मिळते, "आधी घेऊन या, बघून सांगू." थोडे रेटले की आकडा मिळतो. मला मिळालेले आकडे असे होते: ३,५०० रुपये, ६,००० रुपये, "औषधं वेगळी", ९,००० रुपये, "सगळं धरून", आणि एका चकचकीत दवाखान्यात १४,००० रुपये, त्यात रक्ताच्या तपासण्या, गॅसची भूल आणि एक रात्र मुक्काम. मांजर तीच, सात महिन्यांची, अडीच किलोची, धडधाकट. या प्रत्येक आकड्यामागे प्रामाणिक कारण असू शकते, असे धरूनच मी चालतो. पण ३,५०० मध्ये काय मिळणार नाही आणि १४,००० मध्ये जास्तीचे काय मिळेल, हे मला कुठेच सांगितले गेले नाही. विचारल्यावर एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने "क्वालिटीचा फरक असतो सर" असे उत्तर दिले. साडीच्या दुकानातही याहून जास्त माहिती मिळते.

मग आम्ही कसे ठरवतो? शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून. एक म्हणतो, स्वस्तात गेलात तर टाके उसवतात. दुसरा म्हणतो, महागात गेलात तर मूर्ख ठरता. भूल कोणती दिली, वेदनाशामक दिले की नाही, मांजर शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कुणी होते का, या खऱ्या प्रश्नांपर्यंत कुणी पोचतच नाही. ज्याला परवडते तो सगळ्यात मोठा आकडा निवडून निश्चिंत होतो. ज्याला परवडत नाही तो फोन ठेवतो आणि पुन्हा करत नाही. माझे पत्र या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. तो तुमच्या दवाखान्याची पायरी चढतच नाही, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक ताई राहतात. चार घरी पोळ्या करतात, महिन्याची मिळकत पंधरा हजारांच्या आत. त्यांच्याकडे मनी आहे. ती त्यांनी विकत आणलेली नाही. शहरातल्या बहुतेक देशी मांजरी कुणीच विकत आणलेल्या नसतात. पावसाळ्यात जिन्याखाली एखादी मांजर विते, एक पिल्लू मागे राहते, कुणीतरी बशीत दूध ठेवते (दूध देऊ नका, हे सांगून तुम्ही दमलात, तरी ठेवतात), आणि दिवाळीपर्यंत ते पिल्लू त्या घरचे झालेले असते. ताईंनी मनीच्या ऑपरेशनची चौकशी केली, ८,००० ऐकले आणि "बघू दिवाळीनंतर" असे म्हणाल्या. पैसे साठवून करू, असा सरळ हिशेब होता.

मांजरीचे शरीर त्या हिशेबाला थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ती माजावर येऊ शकते. गाभण राहिली की ६३ ते ६५ दिवसांत विते. एका वेताला तीन-चार पिल्ले सहज होतात आणि ती अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा माजावर येऊ शकते. थंड देशांत हिवाळ्यातल्या लहान दिवसांमुळे तिला काही महिने उसंत तरी मिळते. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तीही धड मिळत नाही. ताईंच्या डब्यात निम्मे पैसे साठले तोवर मनीची पिल्ले कपाटावर चढायला लागली होती.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. आठवे घर हल्ली मंडईचे असते. पिशवीत घालून, रात्री, मासळीवाल्यांच्या ओट्यांमागे. सोडणारा दुष्ट नसतो. तिथे त्यांना खायला मिळेल, असे तो मनापासून म्हणत असतो. त्यांतले एखादे पिल्लू रिक्षाखाली सापडते, पाय मोडून तुमच्याच टेबलावर येते, आणणारा कॉलेजचा मुलगा पाकीट उलटे करून दाखवतो आणि तुम्ही पैसे न घेता पाय बांधून देता. हे मी पाहिलेले आहे. ऑपरेशनच्या वेळी जे पैसे ताईंसारख्यांकडून येऊ शकले नाहीत, ते पुढे असे तुमच्याच खिशातून जातात.

तुम्ही म्हणाल, हा महापालिकेचा विषय आहे. अर्धा आहे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम आणले. २००१ चे जुने नियम फक्त कुत्र्यांसाठी होते, नव्यांत मांजरेही आली. रस्त्यावरच्या जनावरांची नसबंदी ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आणि पाळलेल्या जनावराची नसबंदी त्याच्या मालकाची, अशी वाटणी त्या नियमांत आहे. कागदावर ती योग्यच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर देशभर कुत्र्यांच्या नसबंदीवर वाद झडले, त्यात मांजरीचे नाव अभावानेच आले. पण निदान रस्त्यावरच्या मांजरीसाठी एक कप्पा तयार झाला आहे. मुंबईसारख्या शहरात महापालिका संस्थांमार्फत त्यांची ऑपरेशने करून घेते. केंद्राच्या योजनेत एका मांजरीमागे ६०० रुपये धरले आहेत. त्या पैशांत नीट ऑपरेशन होत नाही, हे मी तुमच्याच तोंडून ऐकले आहे आणि मला ते पटते. तरीही सरकारदरबारी ६०० आणि दवाखान्यात ९,०००, या दोन आकड्यांच्या मध्ये काहीच नसावे, हे विचित्र आहे.

मनी त्या मधल्या जागेत सापडली आहे. ती रात्री ताईंच्या पायाशी झोपते म्हणून ती पाळीव. ताईंकडे ८,००० नाहीत म्हणून तिचे ऑपरेशन नाही. ती जिन्याखालीच राहिली असती तर एखाद्या दिवशी पिंजरा घेऊन आलेल्या संस्थेच्या माणसांनी तिला नेले असते, ऑपरेशन करून, खूण म्हणून कानाचे टोक कापून परत सोडले असते, तेही फुकट. याचा परिणाम काय होतो, हे आमच्या भागात येऊन पाहा. लोक आपली मांजर पिंजऱ्यात घालून नसबंदीच्या शिबिरात नेतात आणि "रस्त्यावरची आहे साहेब, मी फक्त खाऊ घालतो" असे सांगतात. कानाची टोके कापलेल्या मांजरी सोफ्यावर लोळताना मी कितीतरी घरांत पाहिल्या आहेत. त्या घरांना मी नावे ठेवणार नाही. पण ज्या बाईला खोटे बोलता येत नाही तिचीच मांजर पुन्हा गाभण राहते, ही व्यवस्था कुणाच्या सोयीची आहे?

तुमचा खर्च मला समजतो. साडेपाच वर्षांचे शिक्षण, त्यानंतर अनेकांचे पदव्युत्तर शिक्षण, कोथरूड किंवा ठाण्यातले भाडे, भुलीचे यंत्र, निर्जंतुकीकरण, दोन मदतनीस, रविवारीही अर्धा दिवस दवाखाना. मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे, हेही समजते. आपल्या घरातली साधी पॅरासिटामॉलची गोळी तिच्या जिवावर उठते, तिथे भूल देणे किती जोखमीचे असेल याची कल्पना करता येते. बोक्याचे ऑपरेशन बाहेरच्या बाहेर होते. मांजरीचे पोट उघडावे लागते. माणसाच्या डॉक्टरला कुणी "तुम्हाला माणसांवर प्रेम नाही का?" असे विचारून बिल कमी करायला लावत नाही. तुम्हाला मात्र "प्राण्यांवर प्रेम असतं तर पैसे मागितले नसते" हे ऐकावे लागते. ते ऐकवणाऱ्यांत मी नाही. फुकट करा, असे या पत्रात कुठेही लिहिलेले नाही.

मागणे आहे ते दर लावण्याचे. दवाखान्यात, आत, काउंटरजवळ, मराठीत. जाहिरात करणे तुमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेत बसत नाही, म्हणून मी वर्तमानपत्रात द्या असे म्हणत नाही. आत आलेल्या माणसाला दिसेल असा कागद ही जाहिरात नव्हे. आणि नुसता एक आकडा नको. मला हवा आहे तो कागद साधारण असा असेल: "मांजरी, निरोगी, दोन वर्षांच्या आत, इतके रुपये. त्यात भूल, वेदनाशामक, अँटिबायोटिक, विरघळणारे टाके आणि कॉलर आले. रक्ततपासणी वेगळी, इतके रुपये. पाच वर्षांच्या वरच्या मांजरीला आवश्यक. माजावर असेल किंवा गाभण असेल तर इतके जास्त. बोका, इतके रुपये." सात-आठ ओळींचा मजकूर आहे. तुमच्या संगणकावर दहा मिनिटांत टाइप होईल.

माणसांच्या खासगी रुग्णालयांना हे करावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद आणि दरांचा फलक लावणे त्यांच्यावर आले. किती ठिकाणी तो फलक कुंडीच्या मागे लावला आहे, हा वेगळा विषय. ब्रिटनमध्ये तर २०२४ मध्ये स्पर्धा नियामक संस्थेने पाळीव जनावरांच्या दवाखान्यांचीच रीतसर चौकशी सुरू केली. लोकांना दर आधी कळत नाहीत, ही त्या चौकशीमागची एक मुख्य तक्रार होती. आपल्याकडे कुणी चौकशी लावण्याआधी तुम्ही स्वतःहून कागद लावलात तर ते तुमच्या नावाला शोभेल.

"बघून सांगू" यातही अर्थ आहे, मी नाकारत नाही. मांजर अशक्त असेल, रक्त कमी असेल, ताप असेल. पण निरोगी असेल तर किती, हे न बघता सांगता येते. कारण ताईंसारख्या बाईला "बघून सांगू" याचा अर्थ असा होतो: एका घरच्या पोळ्यांचा खाडा, मांजर ओरडत असताना जाता-येता रिक्षा, तपासणी फी, आणि मग कळणार की झेपणार नाही. त्या जातच नाहीत.

त्या कागदावर आवश्यक काय आणि ऐच्छिक काय, हे निराळे लिहा. सात महिन्यांच्या तरतरीत मांजरीला रक्ताच्या सगळ्या तपासण्या हव्यातच का, यावर तुमच्यातच एकमत नाही, हे तुम्हीही मान्य कराल. केल्या तर चांगलेच, पण मग "केल्या तर चांगलं, नाही केल्या तर जोखीम इतपत" असे सांगून माझ्यावर सोडा. काही गोष्टी मात्र माझ्यावर सोडू नका. वेदनाशामक वगळून दर कमी करायचा असेल तर तो दर मला नको. भूल उतरेपर्यंत लक्ष ठेवायला माणूस नसेल तरी नको. स्वस्त म्हणजे टाक्यांची पद्धत साधी, मुक्काम नाही, एसी वेटिंग रूम नाही, एवढेच असावे. आतले विरघळणारे टाके घातलेत तर टाके काढायची एक फेरी वाचते. तुमच्यासाठी ती पाच मिनिटांची भेट असते, आमच्यासाठी अर्धा दिवस.

आता वेळेबद्दल. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथे पैशांपेक्षा सल्ल्याने जास्त नुकसान होते. अजूनही काही दवाखान्यांत "एक वेत होऊ द्या, मग करू, तिच्या तब्येतीला बरं" असे सांगितले जाते. शेजारणीने सांगितले तर समजू शकतो. पदवी भिंतीवर टांगलेल्या माणसाने सांगावे, याचे नवल वाटते. मांजरीच्या आचळातल्या गाठी बहुतांश कर्करोगाच्या निघतात, हे तुम्ही शिकला आहात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला आणि वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. एका वेताने तब्येत सुधारते, याला असा काही आधार मी तरी वाचलेला नाही.

दुसरीकडे "आधी सगळ्या लशी पूर्ण करा, मग ऑपरेशनचं बघू" असे सांगितले जाते. लशी हव्यातच. पण आठव्या आठवड्यापासून सुरू केल्या तर चौथ्या महिन्यापर्यंत त्या बऱ्याचशा होतात आणि ऑपरेशनची तारीख तेव्हाच ठरवता येते. प्रत्यक्षात माणूस मांजर घेऊन पाचव्या महिन्यात येतो, तिथून लशींची मालिका सुरू होते, मधे एक हप्ता पैशांअभावी चुकतो, आणि सातव्या महिन्यात तुम्ही पोट दाबून म्हणता, "गाभण आहे." पहिल्याच भेटीत, पहिल्या लशीच्या कार्डावरच ऑपरेशनचा महिना आणि खर्च लिहून द्या. तीन महिने आधी आकडा कळला तर ताई दरमहा बाजूला टाकतील. ऐनवेळी कळला तर कुठून आणणार?

आणि आता ते इंजेक्शन. ऑपरेशन महाग पडले की लोक काय करतात, हे तुम्हाला माहीत आहे; तुम्ही त्याबद्दल मोठ्याने बोलत नाही एवढेच. मांजर रात्रभर ओरडते, खालचे काका सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात, आणि मग कुणीतरी सांगते की माज थांबवायचे इंजेक्शन मिळते, दोनशे-तीनशेत काम होते. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. सरकारच्या 'अंतरा' कार्यक्रमात स्त्रियांना गर्भनिरोधक म्हणून जे देतात तेच औषध. काही लोक मेडिकलमधून बाईच्या गोळ्याच आणून चुरून घालतात. मांजरीला यातून काय होते, हे मी तुम्हाला शिकवणे म्हणजे उद्धटपणा होईल, पण वाचकांसाठी लिहितो: गर्भाशयात पू होतो, आचळे सुजतात, त्यांत गाठी होतात, मधुमेह होऊ शकतो. पू झालेली पिशवी काढणे हे तातडीचे ऑपरेशन. साध्या ऑपरेशनच्या कितीतरी पट खर्चाचे, आणि मांजर दगावण्याचा धोका वेगळा. गरिबाने वाचवलेले पैसे असे चक्रवाढ व्याजाने वसूल होतात. तुमच्यापैकी जे हे इंजेक्शन देतात त्यांना माझी विनंती नाही, स्पष्ट मागणी आहे: देऊ नका. आणि जे देत नाहीत त्यांनी दाराशी लिहून लावा की ते का देत नाहीत, आणि त्याखाली ऑपरेशनचा दर. दोन्ही गोष्टी शेजारी दिसल्या तर माणूस शहाणा निर्णय घेतो.

दर कमी करण्याचे मार्ग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. दुपारी दोन ते पाच बहुतेक दवाखान्यांत टेबल रिकामे असते. आठवड्यातली एक दुपार फक्त मांजरींची ठेवली, पाच-सहा एकापाठोपाठ घेतल्या, तर औषधांचा आणि माणसांचा खर्च वाटला जातो. काही डॉक्टर असे गुपचूप करतात, रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या ओळखीच्या फीडरबाईंसाठी. ते गुपचूप का? ओळख नसलेल्यांनाही कळू द्या. हप्त्याने पैसे घेणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. त्यांचे पैसे बुडतात का, असे विचारले तर एक जण म्हणाले, "श्रीमंतांकडचेच बुडतात."

इथे थोडे तुमच्या गुरुजनांशीही बोलतो. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय परळला १८८६ पासून आहे. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूरलाही महाविद्यालये आहेत. तिथल्या मुलांना हात बसण्यासाठी ऑपरेशने हवी असतात, आणि आमच्याकडे मांजरी आहेत. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, खर्चापुरत्या पैशांत, ठरलेल्या वारी घरगुती मांजरींची ऑपरेशने होतात असे जाहीर केले तर रांग लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये असतात. तिथे गाय-बैल-शेळीच न्यायची, असा लोकांचा समज आहे, आणि तो दूर करायची घाई तिथल्या कुणाला दिसत नाही. शहरातल्या माणसाला तर आपल्या शहरात असे काही आहे, हेच ठाऊक नसते.

राहिली ती मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. "परवडत नाही तर पाळता कशाला?" हे वाक्य तुमच्या काउंटरवर बोलले जाते. नेहमी तुम्ही बोलत नाही, कधी मदतनीस बोलतो, कधी रांगेतला पर्शियन मांजरवाला. पण बोलले जाते आणि तुम्ही ते खोडत नाही. पर्शियन विकत आणणाऱ्याला हा प्रश्न विचारा, हरकत नाही. पंधरा हजारांचे पिल्लू आणून ऑपरेशनला घासाघीस करणारे आहेतच. ताईंना मात्र विचारू नका. त्यांनी ती मांजर घरात घेतली नसती, तर ती रस्त्यावरची म्हणून सरकारच्या यादीत गेली असती आणि तिचा खर्च करदात्यांवर पडला असता. त्यांनी तिला खायला घातले, रेबीजची लस टोचून घेतली, उंदीर कमी झाले ते सगळ्या इमारतीचे. ताई महापालिकेचे काम स्वतःच्या पैशांनी करत आहेत. त्यांच्याशी बोलताना सूर उपकाराचा नव्हे, आदराचा हवा.

आम्हा पाळणाऱ्यांतही दोष आहेत. महिन्याला दोन हजारांचे पाकीटबंद खाणे आणतो आणि ऑपरेशनला "महाग" म्हणतो. आणि बोक्याचे ऑपरेशन करायचेच नाही, हा तर घराघरातला अलिखित ठराव आहे. "तो काय पिल्लं घालणार आहे का?" मांजरीच्या ऑपरेशनपेक्षा ते सोपे, स्वस्त, अर्ध्या तासाचे. तरी नाही. माणसांच्या कुटुंबनियोजनात जे बायकांच्या वाट्याला आले तेच मांजरींच्याही आले आहे. तुम्ही बोक्याचा दर ठळक अक्षरात लावा. निदान काही नवरे ओशाळतील.

माझ्या मांजरीचे ऑपरेशन झाले. ६,००० आणि वर औषधे. उत्तम झाले, दुसऱ्या दिवशी ती कपाटावर होती. त्यामुळे हे पत्र तिच्यासाठी नाही. ताईंच्या मनीची तीन पिल्ले लोकांनी नेली, एक ताईंनी ठेवले. ती मांजरीच आहे आणि चौथ्या महिन्यात आहे. डब्यात साठलेले पैसे मनीच्या ऑपरेशनला लागतील, त्यामुळे या लहानीसाठी परवडणारा दवाखाना शोधायला ताईंच्या हाताशी फार तर महिना आहे. तो शोध त्यांना दहा ठिकाणी फोन करून आणि दहा वेळा "घेऊन या, बघू" ऐकून करावा लागू नये. या आठवड्यात तो कागद लावा, आणि फोन उचलणाऱ्या मुलीला त्यावरचे आकडे वाचून दाखवायला सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मांजरे पाळणारा एक पुणेकर